टर्बो ४जी६३ मध्ये २७२ चे कॅम टाकतोय, व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलायलाच लागतील का?

कॅमवेडा

नमस्कार मंडळी. गाडीत मित्सुबिशीचं ४जी६३ टर्बो इंजिन आहे, दोन लिटर, सोळा व्हॉल्व्ह. ब्लॉकचं काम आधीच झालंय, फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड आत आहेत. टर्बोही स्टॉकपेक्षा मोठा आहे आणि दीड बार बूस्टवर (टर्बोने भरलेल्या हवेच्या जास्तीच्या दाबावर) चालतो. आता कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, पाळी. २७२ अंशांची जोडी घेतली. वापरलेली आहे, पण लोबवर, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांवर, ओरखडासुद्धा नाही. सोबतच्या कार्डावर व्हॉल्व्ह लिफ्ट १०.८ मिमी लिहिली आहे, दोन्ही बाजूंना तेवढीच.

ज्याच्याकडून घेतले तो म्हणाला, "स्टॉक स्प्रिंगवर बिनधास्त टाक, काही होत नाही." माझा ट्यूनर म्हणतो, स्प्रिंग बदलल्याशिवाय गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आणूच नकोस. दोघंही ठाम, आणि कारण कोणीच धड सांगत नाही. "बूस्टमुळे व्हॉल्व्ह उघडा राहतो" एवढंच ऐकायला मिळतं. रेव्ह लिमिट आत्ता ७,००० आहे, कॅमनंतर ८,००० करायचा विचार आहे.

आणखी एक. स्टॉक कॅमवरच ६,७०० च्या पुढे पूर्ण बूस्टमध्ये इंजिन फडफडल्यासारखं करतं. मिसफायर समजून प्लगचा गॅप कमी केला, कॉइलही बदलून पाहिल्या, फरक शून्य. बूस्ट एक बारवर आणला की बरंच कमी होतं. याचा स्प्रिंगशी संबंध असेल का?

आणि बदलायच्याच असतील तर नुसत्या स्प्रिंग चालतील की रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), कॉटर (ती टोपी व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवणारे तुकडे), सगळंच घ्यायचं? हेड (इंजिनाचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) न उतरवता होतं का? जितकी कडक स्प्रिंग तितकी चांगली, असंही एकाने सांगितलंय.

बूस्टभाऊ

मी दुसऱ्या इंजिनवर स्टॉक स्प्रिंगवर २६४ चे कॅम कितीतरी दिवस चालवतोय, काही झालेलं नाही. लोक उगाच घाबरवतात. ७,२०० च्या आत राहा, झालं. ८,००० पर्यंत नेऊन करायचंय काय? तुझा टर्बो तिथवर हवा देतो का ते आधी बघ.

हेडवर्क

बूस्टभाऊंचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे, तो सोडू नकोस. बाकीचं मी सांगतो. माझं दिवसभराचं कामच हेडचं आहे, त्यामुळे जरा लांबेल.

"२७२ ला स्प्रिंग लागतात का" याला उत्तर नाही. २७२ म्हणजे नुसतं ड्युरेशन, व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते, तेही कोणी व्हॉल्व्ह जेमतेम हलला की मोजायला लागतं, कोणी १ मिमी लिफ्टवर मोजतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे २७२ हातात घे, एक अगदी साधा निघेल आणि दुसरा व्हॉल्व्ह अक्षरशः फेकेल. स्प्रिंगला त्रास देतो तो लोबचा आकार. व्हॉल्व्ह किती अंशांत किती वर नेला आणि नाकावरून, म्हणजे लोबच्या टोकावरून, किती झपाट्याने परत फिरवला, हे महत्त्वाचं.

लोब व्हॉल्व्हला ढकलत असतो तेव्हा स्प्रिंगचं तिथे काही काम नसतं, उलट ती विरोधच करते. तिचं खरं काम नाकाजवळ सुरू होतं. तिथे लोब मागे हटायला लागतो, पण व्हॉल्व्ह, रिटेनर, कॉटर आणि रॉकरचं (लोब आणि व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीचं) हलणारं वजन अजून पुढेच जाऊ बघतं. त्या क्षणी त्यांना लोबला चिकटवून ठेवणारी एकच गोष्ट असते, स्प्रिंगचा जोर. तो कमी पडला की रॉकरवरचा रोलर लोबवरून सुटतो. हाच फ्लोट. मग व्हॉल्व्ह उतरणीच्या रॅम्पवर हळूच बसण्याऐवजी सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कडेवर) आपटतो आणि एक-दोनदा उसळतोही.

हा जोर किती लागतो ते आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ७,००० वरून ८,००० म्हणजे ऐकायला एक हजारच, पण लागणारा जोर जवळजवळ ३१ टक्के जास्त. बूस्टभाऊ, तुमची गाडी ७,२०० च्या आत आणि सौम्य कॅमवर धडधाकट आहे याचं मला अजिबात आश्चर्य नाही. त्यावरून याच्या ८,००० बद्दल काही सांगता येत नाही.

आता तुझी फडफड. बूस्टमध्ये ठिणगी विझत असेल तर ती बहुतेक वेळा टॉर्क सर्वांत जास्त असतो त्या पट्ट्यात विझते, कारण सिलिंडरमधलं प्रेशर तिथे सर्वांत जास्त असतं. प्लगचा गॅप कमी केला की ते सुधारतंही. तुझी तक्रार टॉर्कच्या शिखराच्या बरीच पुढे, वरच्या आरपीएमला आहे, गॅपला दाद देत नाही आणि बूस्ट कमी केल्यावर कमी होते. माझी शंभरातली ऐंशी शंका स्प्रिंगवर. म्हणजे स्टॉक कॅमलाच त्या पुरत नाहीत आणि तू त्यांच्यावर १०.८ चा कॅम घालतोयस.

४जी६३ ला हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर आहेत, हे आणखी एक त्रांगडं. ॲडजस्टर रॉकरच्या टेकूच्या टोकाला बसतो आणि ऑइलच्या प्रेशरवर मोकळी जागा भरून काढतो. फ्लोट झाला की त्याला वाटतं जागा पडली, तो लगेच वर येतो. मग व्हॉल्व्ह खाली बसायच्या वेळी पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन जातं, इंजिन बसल्यासारखं होतं, आरपीएम खाली आणल्यावर थोड्या वेळाने पूर्ववत. लोक याला इलेक्ट्रिकल बिघाड समजून वायरिंग उपसत बसतात. फार जोरात फ्लोट झाला तर रॉकर टेकूवरून निसटूसुद्धा शकतो. आणि या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, हे सांगायला नकोच.

"जितकी कडक तितकी चांगली" हे ज्याने सांगितलं त्याला माझ्याकडे पाठव. जास्तीच्या जोराने रोलर आणि लोबवरचा भार वाढतो, टायमिंग बेल्टला ओढ बसते, व्हॉल्व्हचं टोक आणि गाइड (दांडा ज्या नळीत सरकतो ती) झिजतं. हायड्रॉलिक ॲडजस्टर दबून ऑइल सोडायला लागतो ते वेगळंच. मग तू घेतलेल्या १०.८ मिमी मधली थोडी लिफ्ट ॲडजस्टरच गिळतो आणि वर टिकटिक ऐकू येते. नाकापेक्षा मोती जड. कॅमच्या कंपनीने कार्डावर सुचवलेला सीट प्रेशर आणि ओपन प्रेशर (व्हॉल्व्ह बंद असताना आणि पूर्ण उघडा असताना स्प्रिंगचा जोर) पाहा, आणि त्या आरपीएमला पुरेल अशी सर्वांत हलकी स्प्रिंग घे.

कार्डावर तेवढे दोन आकडे आहेत का? नसतील तर जुन्या स्प्रिंग काढून मोजल्याशिवाय काही घेऊ नकोस. मोजायचं ते असं: इन्स्टॉल्ड हाइट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची उंची. त्या उंचीला टेस्टरवर किती किलो येतात. सॉलिड हाइट, म्हणजे सगळे वेटोळे एकमेकांना टेकल्यावरची उंची. आणि रिटेनरच्या खालच्या कडेपासून ऑइल सीलच्या माथ्यापर्यंतचं अंतर. सोळाही मोज, एक मोजून पंधरा गृहीत धरू नकोस.

जुनी स्प्रिंग हातात आली की उजेडात फिरवून बघ. वेटोळ्यांच्या मधल्या फटीत, तार तारेसमोर येते तिथे, चकचकीत चपटा पट्टा दिसला तर ती कधीतरी टेकून आली आहे. साधा काळसर रंग एकसारखा असेल तर ठीक. रिटेनर उलटा करून त्याची खालची कड बघ. स्प्रिंगच्या टोकाने तिथे चंद्रकोरीसारखी खाच खणलेली असेल तर स्प्रिंग आत गोल फिरत होती. ती फिरते कारण ती सर्ज होते, म्हणजे वेटोळी आतल्या आत थरथरतात.

आरपीएमप्रेमी

हेडवर्क साहेब, सगळीकडे बूस्टचं एक गणित सांगतात ते तुम्ही घातलंच नाही. इनटेक व्हॉल्व्ह ३४ मिमी, म्हणजे साधारण ९०८ चौरस मिमी. दीड बार बूस्टला त्याच्या पाठीवर सुमारे १३६ न्यूटन, जवळपास १४ किलो. एवढा जोर व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने. म्हणून सीट प्रेशरमध्ये तेवढे किलो मिळवायचे. हे चूक आहे का?

हेडवर्क

गुणाकार बरोबर आहे. मला ते गणित अर्धंच पटतं म्हणून घातलं नाही, पण विचारलंत ते बरं झालं.

१४ किलोचा तो जोर पूर्ण कधी लागेल? व्हॉल्व्हच्या पाठीवर दीड बार आणि तोंडावर, म्हणजे सिलिंडरच्या बाजूने, शून्य असेल तेव्हा. असा क्षण टर्बो इंजिनात शोधून सांगा. इनटेक व्हॉल्व्ह मिटतो तेव्हा सिलिंडर नुकताच त्याच हवेने भरलेला असतो, दोन्हीकडे जवळजवळ सारखं प्रेशर. कॉम्प्रेशन आणि पॉवर स्ट्रोकमध्ये सिलिंडरचं प्रेशरच व्हॉल्व्ह दाबून धरतं. एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये सिलिंडरमध्ये टर्बाइनमुळे अडलेलं बॅकप्रेशर असतं, आणि बहुतेक रस्त्यावरच्या टर्बो गाड्यांत ते बूस्टपेक्षा जास्तच. म्हणजे तिथेही इनटेक व्हॉल्व्ह बंदच ढकलला जातो. खूप मोठी टर्बाइन असेल आणि बॅकप्रेशर बूस्टच्या खाली राहत असेल तर थोडा फरक उरतो, पण तो १४ किलो नव्हे.

खरी गंमत एक्झॉस्टला आहे, आणि तिचं कोणी नाव काढत नाही. इनटेक स्ट्रोक चालू आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद आहे. सिलिंडरमध्ये दीड बार. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बाइन हाउसिंग लहान असेल तर, बूस्टच्या दुप्पट, म्हणजे तीन बारसुद्धा सहज असतं. ३०.५ मिमीचा व्हॉल्व्ह धरा, ७३० चौरस मिमी, फरक दीड बार. झाले ११ किलो, उघडायच्या दिशेने, आणि हे प्रत्येक फेरीला. नुकताच सीटवर टेकून उसळणाऱ्या व्हॉल्व्हला हे ११ किलो फुकटची मदत करतात. त्यात तो व्हॉल्व्ह तापलेला. बूस्ट कमी केल्यावर कॅमवेडाची फडफड कमी होते त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. बूस्टबरोबर बॅकप्रेशर उतरतं, बहुधा त्याहून जास्त वेगाने.

म्हणून १४ किलोचा ठोकताळा लोक वापरतात त्याला माझी हरकत नाही, मार्जिन म्हणून चालतो. फक्त त्याच्या जिवावर "बूस्ट वाढला की स्प्रिंग कडक करा" असं म्हणू नका. शक्य असेल तर मॅनिफोल्डला एक पातळ नळी काढून बॅकप्रेशर मोजा. तो आकडा हाती असेल तर वाद उरत नाही.

आरपीएमप्रेमी

पटलं. एक्झॉस्टच्या बाजूने असा विचार केला नव्हता. मग ड्युअल (एकात एक दोन स्प्रिंग) घ्यायच्या की बीहाइव्ह?

हेडवर्क

दोन्ही चालतात, दोन्हींचं कारण वेगळं.

प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची थरथरण्याची वारंवारता असते. लोबच्या धक्क्यांशी ती कुठल्यातरी आरपीएमला जुळली की वेटोळी मधल्यामध्ये लाटेसारखी हलायला लागतात, झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का द्यावा तसं. याला सर्ज म्हणतात. तेव्हा टेस्टरवर दिसणारा जोर प्रत्यक्षात नाकावर मिळतच नाही. बीहाइव्ह वर निमुळती असते, वेटोळ्यांचा व्यास बदलत जातो, त्यामुळे सगळी स्प्रिंग एका सुरात थरथरत नाही. शिवाय वरचा रिटेनर लहान लागतो, म्हणजे हलका. ड्युअलमध्ये आतली स्प्रिंग बाहेरच्या स्प्रिंगला घासून थरथर मारते. आणि बाहेरची तुटली तर आतली व्हॉल्व्ह धरून ठेवते, पिस्टनवर पडू देत नाही. बीहाइव्ह तुटली तर धरायला कोणी नाही.

कॅमवेडाच्या कामाला, हायड्रॉलिक ॲडजस्टर आणि ८,००० धरून, मी हलकी बीहाइव्ह किंवा सौम्य ड्युअल, यातलं जे कार्डाशी जुळेल ते घेईन. फक्त रिटेनर त्याच संचातले. ड्युअलच्या रिटेनरला आतल्या स्प्रिंगसाठी पायरी असते. स्टॉक रिटेनरवर ती बसत नाही, बसली तरी मध्यात राहत नाही. कॉटरही रिटेनरच्या कोनाशी जुळणारेच हवेत.

टायटॅनियम रिटेनर हवेतच असं नाही. काही ग्रॅम वाचतात, ते हलणाऱ्या वजनातून जातात, फायदा खरा आहे. पण स्प्रिंग फिरत असेल तर टायटॅनियम स्टीलपेक्षा लवकर खणलं जातं. अधूनमधून उघडून पाहणार असशील तर घाल. बसवून विसरून जायचं असेल तर चांगलं स्टील बरं.

कॅमवेडा

हेड उतरवलंच शेवटी. गाइडही बघून घ्यायचे होते. ओळखीच्या हेड शॉपमध्ये टेस्टर होता, सोळाही मोजल्या.

इन्स्टॉल्ड हाइट ४०.० मिमी धरली. जुन्या स्प्रिंग त्या उंचीला २३ ते २५ किलो, एक मात्र २१. ती तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची. सॉलिड हाइट २८.४. तुम्ही सांगितलेला चकचकीत पट्टा कुठेही नाही, पण दोन एक्झॉस्ट रिटेनरच्या खाली खाच आहे, नखाला लागते.

नवा संच ड्युअलचा आहे, स्टील रिटेनरसकट. कागदावर ४० मिमीला ३२ किलो, दर मिमीला ३.६ किलो, सॉलिड हाइट २६.९. कॅमच्या कार्डावर सीट प्रेशर ३० ते ३४ किलो दिलंय. नवे रिटेनर लावून मोजलेली उंची मात्र सगळीकडे सारखी येत नाही, ४०.० पासून ४०.६ पर्यंत आहे. रिटेनर ते सील १२.१ मिमी. आता पुढे?

हेडवर्क

वा, असे आकडे घेऊन कोणी आलं की बोलायला मजा येते.

जुन्याचं आधी. पूर्ण लिफ्टला उंची राहते ४०.० वजा १०.८, म्हणजे २९.२. सॉलिड २८.४. मध्ये उरते ०.८ मिमी. माझी रेषा १ मिमी आहे, थोडी जास्त असेल तर उत्तमच. म्हणजे तुझ्या कॅमवर त्या स्प्रिंग टेकल्या नसत्या, पण टेकायच्या बेतात असत्या. त्यात २१ किलोची ती एक, तीही एक्झॉस्टची. स्टॉक स्प्रिंगवर बिनधास्त टाक म्हणणाऱ्याला हे दोन आकडे पाठव.

नव्या: २९.२ वजा २६.९, २.३ मिमी मोकळी. भरपूर आहे. फार भरपूरही बरी नव्हे बरं का, वेटोळ्यांमध्ये जास्त जागा राहिली की सर्जला मोकळं रान मिळतं. रेसवाले तर मुद्दाम टेकण्याच्या जवळ चालवतात. तू रस्त्यावर चालवणार, तुला दीड ते दोनच्या मध्ये बरं. ओपन प्रेशर ३२ अधिक १०.८ गुणिले ३.६, म्हणजे ७१ किलोच्या आसपास. या ॲडजस्टरना झेपेल असा आकडा आहे.

उंचीत ०.६ चा फरक येतो तो सीट कापल्यामुळे. सीट जितकी खोल, तितका व्हॉल्व्हचा दांडा वर येतो आणि उंची वाढते. ४०.६ वाल्याला ०.६ गुणिले ३.६, म्हणजे २.२ किलो कमी, झाले २९.८. कार्डाच्या खालीच गेले. म्हणून स्प्रिंगच्या बैठकीखाली शिम (पातळ चकती) घालून सगळ्या ३९.५ ते ३९.६ वर आण. ३९.५ ला ३३.८ किलो होतात आणि टेकायला १.८ मिमी उरते. शिम नेहमी बैठकीखाली, हेडच्या बाजूला. बैठक काढून तिच्या जागी शिम घातलेली मी पाहिली आहे. ॲल्युमिनियममध्ये त्या स्प्रिंगने रिंग कोरली होती.

रिटेनर ते सील, १२.१ वजा १०.८, उरतात १.३ मिमी. मला दीड आवडतं, पण १.३ चालेल. फक्त सील पूर्ण खाली ठोकलं गेलंय ना ते प्रत्येक ठिकाणी बघ. एखादं अर्धा मिमी वर राहिलं की तुझं मार्जिन ०.८ वर आलं.

आता जे तू विचारलंच नाहीस ते. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा. लिफ्ट आणि ड्युरेशन दोन्ही वाढलं, पिस्टन वेगळे, कदाचित हेड घासलेलंही असेल. पहिल्या सिलिंडरवर हलक्या चाचणीच्या स्प्रिंग लाव, ॲडजस्टरच्या जागी त्याच उंचीचे घन तुकडे लाव. खरा ॲडजस्टर ठेवलास तर तो दबेल आणि आकडा खोटा चांगला येईल. डायल गेज रिटेनरवर टेकव. ओव्हरलॅपच्या टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या जागेच्या, २० अंश आधीपासून २० अंश नंतरपर्यंत थोडं थोडं फिरवत, प्रत्येक ठिकाणी व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाब आणि गेज वाच. एक्झॉस्ट सर्वांत जवळ येतो तो बहुधा टीडीसीच्या १० अंश आधी, इनटेक १० अंश नंतर. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीच्या खाली गेलास तर थांब. ॲडजस्टेबल कॅम गिअर असतील तर पुढे डायनोवर कॅम फिरवताना हेच आकडे ट्यूनरच्या हातात दे. कॅम फिरवला की ही जागा बदलते.

बूस्टभाऊ

हेड आता उतरलंय म्हणून ठीक आहे, पण नुसत्या स्प्रिंग बदलायच्या असतील तर हेड जागेवर ठेवूनही होतात ना? मी सिलिंडरमध्ये हवा भरून करतात असं पाहिलंय.

हेडवर्क

होतात. प्लगच्या भोकातून हवा भरतात, किंवा नायलॉनची दोरी आत सोडून पिस्टन वर आणतात आणि दोरीवर व्हॉल्व्ह टेकवतात. मला दोरी आवडते, कॉम्प्रेसर बंद पडला तरी व्हॉल्व्ह जागेवर राहतो. पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर येतात, दुसरा आणि तिसरा एकत्र, म्हणजे दोनदा मांडणी केली की चारही झाले. दोरीचं एक टोक बाहेर बांधून ठेवा. हवेने करत असाल तर पिस्टन टीडीसीवर नेमका ठेवा, जरा इकडेतिकडे असेल तर हवा क्रँक फिरवते आणि पाना हातातून उडतो. पण सीटचा खोलपणा, गाइड, पिस्टनची जागा यातलं हेड जागेवर ठेवून नीट बघणं कटकटीचं. कॅम बदलतोय आणि मायलेज झालंय, तर मी हेड उतरवायलाच सांगतो.

कॅमवेडा

पिस्टनची जागा मोजली. इनटेक २.६, एक्झॉस्ट २.९. शिमही मिळाले. बसवताना आणि पहिल्यांदा चालू करताना काय सांभाळू? कॅमला २,००० आरपीएमवर वीस मिनिटं चालवायचं असं वाचलंय.

हेडवर्क

आकडे चांगले आहेत, बिनधास्त बसव.

ती वीस मिनिटं सपाट टॅपेटवाल्या इंजिनांसाठी. तुझ्या रॉकरला रोलर आहे, त्याची गरज नाही. लोब आणि रोलरला असेंब्ली ल्यूब लाव, ॲडजस्टर ऑइलमध्ये बुडवून आतली हवा काढून मगच बसव. प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टरवर फिरव. त्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या. कुठे अडकल्यासारखं झालं तर जोर लावू नकोस.

स्प्रिंगला मात्र एक गरम-थंड फेरी दे. गाडी चालू कर, इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ दे, आरपीएम मध्यम ठेव, बूस्ट नको. मग बंद करून पूर्ण गार होऊ दे. नवी स्प्रिंग पहिल्या तापण्यात थोडा जोर सोडते, तो इथेच सुटलेला बरा, ८,००० वर नको.

आणि बसवताना स्प्रिंगच्या तारेला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. व्हाइसच्या दातांत धरायची नाही. तारेवरचा बारीकसा ओरखडाही पुढे तडा जायला पुरतो, आणि तो तडा डोळ्याला दिसतो तेव्हा स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले असतात. कॉटर बसवताना दांड्याच्या खाचेला ग्रीसचा एक ठिपका लाव, म्हणजे दोन्ही अर्धे चिकटून राहतात. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर सोडल्यावर दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलका ठोका दे. कॉटर नीट बसला नसेल तर तिथेच उडतो, त्यामुळे चेहरा बाजूला ठेव.

रेव्ह लिमिट डायनोवरच्या पहिल्या पुलला (पूर्ण थ्रॉटलच्या धावेला) ७,२०० वर ठेवायला सांग. पॉवरचा कर्व्ह गुळगुळीत दिसला तर मग पाचशे-पाचशेने वर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला ती प्रेशरची नळी काढलीस तर आकडा इथे टाक, आरपीएमप्रेमीला आणि मला दोघांनाही हवाय.